विषय: स्मरणिकेचे मुखपृष्ठ आणि कॉव्हेंट्रीचे मानचिन्ह

प्रेषक: सचिव

सर्वांना सप्रेम नमस्कार. मुखपृष्ठाचा मसुदा काल रात्री पाठवला आहे. आपण राहतो त्या इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहराच्या मानचिन्हातील हत्तीच्या जागी गणपती आणि त्याच्या पाठीवर मूळचा किल्ला, ही कल्पना समितीत बहुतेकांना पसंत पडली आहे. छापखान्याला अंतिम प्रत शुक्रवारी सकाळी द्यायची आहे. गेल्या वर्षीप्रमाणे छपाई झाल्यावर आक्षेप येऊ नयेत, म्हणून ज्यांना काही सांगायचे असेल त्यांनी उद्या संध्याकाळपर्यंत येथेच लिहावे.

प्रेषक: नाना

सचिवांस, माझा या मसुद्याला स्पष्ट विरोध आहे. मानचिन्ह म्हणजे शोभेचे चित्र नव्हे. इंग्लंडमध्ये ते ज्या संस्थेला बहाल झालेले असते तिच्या मालकीचे असते आणि इतरांनी ते स्वतःचे म्हणून वापरणे कायद्याला मान्य नाही. मँचेस्टरच्या एका नाट्यगृहाच्या कंपनीने शहराचे मानचिन्ह आपल्या शिक्क्यावर वापरले, तेव्हा महापालिकेने दाद मागितली आणि १७३७ नंतर प्रथमच, १९५४ साली, 'कोर्ट ऑफ शिव्हलरी' हे जुने न्यायालय केवळ त्या खटल्यासाठी भरले. निकाल महापालिकेच्या बाजूने लागला. आपल्या मंडळावर कोणी खटला भरेल असे मला वाटत नाही, परंतु ज्या नगरपालिकेकडे आपण दरवर्षी सभागृहासाठी अर्ज करतो, तिचेच चिन्ह बदलून छापणे मला योग्य वाटत नाही.

दुसरे असे की मसुद्यात रंगांची बाजू उलटली आहे. ढाल उभी दुभंगलेली आहे. उजवा अर्धा लाल, डावा हिरवा. मात्र ही उजवी-डावी ढाल हातात धरणाऱ्याची असते, समोरून पाहणाऱ्याची नव्हे. त्यामुळे कागदावर लाल रंग आपल्या डाव्या हाताला यायला हवा.

प्रेषक: मुखपृष्ठ समिती

नानांच्या अभ्यासाबद्दल आदर आहे, पण या विषयात इतके कडक राहण्याचे कारण मला दिसत नाही. मानचिन्हाचे अधिकृत रूप हे चित्र नसून शब्दांतले वर्णन असते: लाल-हिरव्या ढालीवर सोनेरी हत्ती, पाठीवर तीन बुरुजांचा किल्ला. हत्तीचा कान केवढा, सोंड किती वळलेली, हे ज्या त्या चित्रकारावर सोपवलेले आहे. शिवाय हे चिन्ह कधी बदललेच नाही असेही नाही. ढालीच्या दोन्ही बाजूंचे आधार, म्हणजे अकराव्या शतकातील सरदार लिओफ्रिकचा काळा गरुड आणि ज्वाळांतून उठणारा फिनिक्स हा काल्पनिक पक्षी, १९५९ साली मिळाले. १४ नोव्हेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात शहर आणि कॅथेड्रल जळाले, त्यानंतर पुन्हा उभ्या राहिलेल्या कॉव्हेंट्रीची फिनिक्स ही खूण आहे. शहर आपल्या चिन्हात नवा अनुभव सामावून घेते, तर इथे घर केलेल्या आपल्या लोकांचा गणपती त्यात का येऊ नये?

प्रेषक: माई

उजव्या-डाव्याबद्दल नाना म्हणतात ते आपल्याला नवे नाही. उजव्या सोंडेचा गणपती म्हणताना आपणही देवाची उजवी बाजू धरतो, आपली नाही. मसुद्यात सोंड कोणत्या बाजूला आहे हे कोणी पाहिले का? ती उजवीकडे आहे. माझ्या माहेरी उजव्या सोंडेच्या गणपतीचे सोवळे फार कडक असे, म्हणून घरात तो कधी आणला नाही. मंडळातली आपली मूर्तीही डाव्या सोंडेचीच असते.

त्याहून मोठी गोष्ट मला खटकते. पाठीवर बुरूज लादलेला हत्ती हे ओझे वाहणारे, युद्धावर निघालेले जनावर आहे. गणपतीला आपण वाहन देतो, त्याला स्वतःलाच वाहन करत नाही.

प्रेषक: खजिनदार

सोंडेचा निर्णय पूजा समितीने करावा. माझा प्रश्न सोनेरी शाईचा आहे, कारण तिचे पैसे वेगळे पडतात आणि असा खर्च ठरवण्याआधी तो माझ्याकडे यायला हवा होता. मानचिन्हांच्या शास्त्रात सोन्याच्या जागी पिवळा रंग पूर्णपणे मान्य आहे, तेव्हा नेहमीच्या चार रंगांत काम व्हावे.

प्रेषक: नाना

माईंचे म्हणणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि तो हत्ती नक्की कोणता हे समजले की ते अधिक पटते. मध्ययुगीन युरोपातील प्राणिकथांत हत्ती हा ड्रॅगनचा जन्मवैरी मानला जाई. हत्तीण पाण्यात उभी राहून प्रसूत होते आणि नर काठावर ड्रॅगनपासून तिची राखण करतो, अशी समजूत होती. पाठीवरचा किल्ला हा लढाईतील सैनिकांचा बुरूज. हे रंगवणाऱ्या बहुतेकांनी हत्ती पाहिलेलाही नव्हता; फ्रान्सच्या राजाने इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री याला १२५५ साली एक हत्ती भेट दिला आणि तो टॉवर ऑफ लंडनमध्ये ठेवला, तेव्हा लोक त्याला पाहायला लोटले. इतक्या दूरच्या कल्पनेतून आलेला हा राखणदार या शहराने शतकानुशतके जपला आहे. तो त्यांचा त्यांना राहू द्यावा. आपला बाप्पा त्याच्यात मिसळला, तर दोघांचेही अर्थ पुसट होतात.

मुखपृष्ठ समितीने फिनिक्सचा दाखला दिला आहे, पण तो फिनिक्स शहराला रीतसर बहाल झाला होता. कोणा मंडळाने तो परस्पर काढला नव्हता.

माझी सूचना अशी आहे. वरच्या भागात आपली डाव्या सोंडेची मूर्ती असावी. खाली मानचिन्हातील ढाल, ढालीच्या वरचे रानमांजर किंवा ब्रीदवाक्य यांपैकी काहीही न घेता, साध्या रेषांत, पाठ मोकळी असलेला एक हत्ती काढावा. हत्ती या प्राण्यावर कोणाची मालकी नाही, आणि या गावात तो पाहून कोणालाही शहराचीच आठवण होईल. खरे मानचिन्ह शुभेच्छांच्या पानावर छापायचेच असेल, तर नगरपालिकेला परवानगीचे पत्र मी आजच लिहून देतो. सचिवांनी त्यावर सही करावी.

प्रेषक: मुखपृष्ठ समिती

मोकळ्या पाठीचा हत्ती मान्य आहे. मात्र हत्तीचे तोंड डावीकडे राहील की उजवीकडे, हे चित्राच्या तोलानुसार मी ठरवीन आणि त्यात पुन्हा बदल सुचवू नये.

प्रेषक: सचिव

पत्राचा मसुदा नानांनी मला आज रात्रीपर्यंत पाठवावा. उत्तर शुक्रवारपूर्वी आले नाही, तर शुभेच्छांचे पान मानचिन्हाशिवाय छापले जाईल. सोनेरी शाई रद्द केली आहे.