कालवा, पाट आणि काठावरची पाखरं

प्रश्न

मूळचा बेळगावचा, नोकरीमुळे सध्या घटप्रभेकडे आहे. रविवारी उजाडता उजाडता धुपदाळ बंधाऱ्याच्या बाजूने निघतो आणि डाव्या कालव्याच्या भरावावरून दोन-अडीच तास एकटाच चालतो. परवा म्हशी घेऊन आलेल्या एका आजोबांनी विचारलं, "काय बघालास एकटाच?" मी म्हटलं, "कालव्यावरची पाखरं." ते बरोबरच्या माणसाशी कानडीत बोलले, तर त्यांच्याही तोंडी 'कालुवे'च आलं. मी आजवर कालवा हा अस्सल घरचा शब्द समजत होतो. तो कानडीतून आला का? कालवणाशी, 'काळजात कालवाकालव'शी त्याचं काही नातं आहे का? आणि पाट व कालवा यांतली सीमा कुठे?

पहिलं उत्तर

आला तो तिकडूनच. कानडीत कालुवे, तेलुगूत कालुव, तमिळमध्ये काल्वाय्. त्यात काल् म्हणजे पाण्याची वाट आणि वाय् म्हणजे तोंड. सगळ्या दक्षिणेत नांदणारा शब्द आहे हा. कमीपणा वाटण्याजोगं त्यात काही नाही, आपलं तूपही कानडी तुप्पच्या घरचं.

कालवणाचा मात्र संबंध नाही. ते 'कालवणे' या क्रियापदापासून आलं, भात कालवतो ते. पळापळ, धावाधाव तशी कालवाकालव; आतलं सगळं ढवळून निघतं म्हणून. कोकणातली खायची कालवं आणखी निराळी.

पाट आणि कालव्याचं म्हणाल, तर आमच्या चिकोडीकडे बोलण्यातच फरक कळतो. कालव्याला, म्हणजे बोलीत क्यानॉलला, पाणी 'सुटतं'. पाटाला पाणी 'येतं'. आणि उसाला पाणी 'पाजतात'. सुटणं सरकारच्या हातात, येणं शेजाऱ्याच्या आणि पाजणं आपल्या. रात्रीची पाळी असली की माणूस बॅटरी घेऊन पाटावर बसतो, कालव्यावर कोणी बसत नाही. माझ्या लेखी सीमा तीच: जिथे फावड्याने पाणी वळवता येतं तो पाट.

दुसरं उत्तर

पाखरांचा विषय निघालाच आहे तर दोन शब्द.

ढोकरीला, म्हणजे पाण्याकाठच्या त्या लहान बगळ्याला, 'वंचक' म्हणतात हे पुस्तकात वाचलं तेव्हा मला तो शब्द आवडला नव्हता. बिचाऱ्या पाखराला फसव्या का म्हणायचं? मग एकदा कालवा बंद असताना तळातल्या गाळाकडे बघत उभा होतो. मातकट, रेघारेघांचा चिखल, त्यात काहीच नाही. दोन पावलं पुढे टाकली आणि त्या चिखलातूनच पांढरेशुभ्र पंख उघडले. उडेपर्यंत एक पांढरा ठिपका दिसला नव्हता, सगळं पांढरं मिटलेल्या पंखांत दडलेलं. त्या दिवसापासून शब्द पटला. तरी बोलायला मला ढोकरीच बरी वाटते. मान खांद्यात घालून बसलेली ती आकृती त्या नावात दिसते.

दुसरा 'करकोचा'. हा आपण फार सैल वापरतो. घटप्रभा पक्षी अभयारण्य 1974 साली जाहीर झालं. तिथे हिवाळ्यात दूर मध्य आशियाकडून येणारे राखी पाहुणे, त्यांना कांड्या करकोचा म्हणतात, ते क्रौंचांच्या कुळातले. आणि झाडावर काटक्यांचं घरटं बांधून चोच वाजवणारा चित्रबलाक, त्यालाही लोक करकोचाच म्हणतात. क्रौंच लांबवर ऐकू जाईल असं ओरडतो आणि कांड्या झाडावर बसत नाही. बलाकाला जवळजवळ आवाजच नाही. उडताना दोघांचीही मान पुढे ताठ, म्हणून घोटाळा होतो. बगळ्याची तेवढी दुमडलेली. बगळ्याला कानडीत बेळ्ळक्की म्हणतात, पांढरं पाखरू. इतकं सरळ नाव आपल्याकडे हवं होतं.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आज पुन्हा गेलो होतो. कालव्याला पाणी सुटलंय, गाळ झाकला गेला, ढोकरी गेल्या. तारेवर एक खंड्या होता. म्हशीवाले आजोबा भेटले, त्यांना कालुवेची सगळी हकीकत सांगितली. ते म्हणाले, "पाणी तेच की." मग टिटवीकडे बोट करून तिचं कानडी नाव सांगितलं. घरी येईपर्यंत विसरलो. पुढच्या रविवारी पुन्हा विचारून लिहून आणतो.