अमेरिकन शेतकऱ्यांचा पक्ष १८९६ ला त्यांच्याच पुढाऱ्यांनी बुडवला – तुम्हाला काय वाटतं?

पळाटी
थेट मुद्द्यावर येतो. १८९० च्या आसपास अमेरिकेतल्या कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांनी पीपल्स पार्टी उभी केली. १८९२ ला पहिल्याच राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांच्या जेम्स वीव्हरला दहा लाखांवर मतं पडली, कान्सस, कोलोरॅडो, आयडाहो, नेवाडा ही राज्यं मिळाली. आणि चारच वर्षांत सगळं संपलं, कारण १८९६ ला सेंट लुईसच्या अधिवेशनात त्यांनी डेमोक्रॅट पक्षाचा विल्यम जेनिंग्ज ब्रायन हाच आपला उमेदवार म्हणून स्वीकारला. माझ्या मते हा घात बाहेरच्यांनी केलेला नाही.

हे लोक एकत्र का आले ते आधी बघा. यादवी युद्धानंतर दक्षिणेत रोख पैसा जवळपास नव्हताच. शेतकरी पेरणीच्या आधी दुकानदाराकडे जायचा, पीठ, खारवलेलं डुकराचं मांस, बियाणं, नांगराचा फाळ उधारीवर आणायचा आणि अजून उगवलेलंही नाही ते पीक गहाण लिहून द्यायचा. दुकानात एकाच वस्तूचे दोन भाव, रोखीचा एक आणि उधारीचा त्याहून कितीतरी चढा. वर दुकानदार सांगणार की कापूसच लाव, बाकीचं मी घेणार नाही. हंगामात कापूस त्याच्याच दारात उतरवायचा, मग तो वही उघडणार, हिशोब लावणार आणि उरलेली बाकी पुढच्या वर्षावर ओढणार, असं वर्षानुवर्षं. १८९४ ला तर कापूस पौंडाला पाच सेंटच्या खाली गेला.

टेक्सासच्या लॅम्पासस काउंटीतून १८७७ च्या सुमारास सुरू झालेल्या फार्मर्स अलायन्सने यावर काम केलं ते एकत्र खरेदी आणि एकत्र विक्री करून. १८८८ ला तागाच्या बारदानाच्या ट्रस्टने (म्हणजे मिळून भाव ठरवणाऱ्या कंपन्यांच्या गटाने) भाव चढवले (ताग आपल्या बंगालमधून जायचा) तेव्हा यांनी कापसाच्याच जाड कापडात गाठी बांधल्या आणि ट्रस्टला नमवलं. ही खरी ताकद होती. १८९६ ला तिच्या जागी 'चांदीची नाणी पाडा' एवढी एकच घोषणा उरली, जी खाणमालकांच्या सोयीची होती. दुकानदाराच्या वहीतली बाकी त्याने कशी फिटणार होती?

तापीकाठ
साफ असहमत. खरेदी-विक्री संघच ताकद असेल तर त्या संघाचं पुढे काय झालं ते पण लिही ना. अलायन्सचा पुढारी चार्ल्स मॅक्यूनने १८८७ ला डल्लासला एक्स्चेंज, म्हणजे एकत्र खरेदी-विक्रीचं केंद्र काढलं, हजारो शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी पणाला लावून एकत्रित हमीपत्रं दिली, आणि बँकांनी ती हमीपत्रं तारण म्हणून घ्यायलाच नकार दिला. ९ जून १८८८ ला टेक्सासभर कोर्टांच्या आवारात शेतकरी जमले, खिशातले डॉलर काढून दिले, तरी १८८९ पर्यंत एक्स्चेंज बुडालं. ज्याच्याकडे पैसा नाही त्यांनी एकत्र येऊन पैसा तयार होत नाही, हे त्यांना तिथे कळलं, आणि म्हणून ते राजकारणात आले, हौस म्हणून नाही.

मॅक्यूनची सबट्रेझरी योजना त्यातूनच निघाली. सरकारने गोदामं बांधायची, शेतकऱ्याने माल तिथे ठेवायचा, बाजारभावाच्या ८० टक्के रक्कम १ टक्का व्याजाने उचलायची आणि भाव चढला की विकायचं. हे कुठला सहकारी संघ करणार? यासाठी कायदा लागतो आणि कायद्यासाठी संसदेत माणसं लागतात.

चांदीचं पण इतकं हलकं घेऊ नकोस. १८७३ च्या कायद्याने चांदीचा डॉलर पाडणं थांबलं, पैसा आखडला, भाव पडत गेले. गहू महाग असताना कर्ज घेतलेल्या माणसाला तेच कर्ज फेडायला दुप्पट गहू विकावा लागत होता, मग नाणं वाढवा म्हणणं खाणमालकांची दलाली कशी झाली? आणि याचं एक टोक आपल्याकडे होतं. जून १८९३ मध्ये ब्रिटिशांनी हिंदुस्थानातल्या टांकसाळी चांदीसाठी बंद केल्या, जगभर चांदी कोसळली, आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंडने अमेरिकन सरकारची चांदीखरेदी पण रद्द करून घेतली. कान्ससचा शेतकरी यावर पेटला तर त्याचं कुठे चुकलं.

पळाटी
@तापीकाठ, राजकारणात यायला माझा विरोध नाहीच आहे. ४ जुलै १८९२ चा ओमाहा जाहीरनामा मी मनापासून मानतो. रेल्वे आणि तारयंत्रं सरकारी करा, जास्त उत्पन्नाला जास्त आयकर लावा, पोस्टात बचत बँक काढा, आणि तुझी सबट्रेझरी पण त्यातच होती. पण ब्रायनने यातलं किती उचललं? मुख्य प्रचार चांदीचा. उपाध्यक्षपदासाठी पॉप्युलिस्टांनी (पीपल्स पार्टीवाल्यांनी) जॉर्जियाचा टॉम वॉटसन दिला, तर डेमोक्रॅट्सनी आपला आर्थर स्यूअल हटवलाच नाही, जो मेनमधला जहाजं बांधणारा आणि बँकेचा अध्यक्ष! म्हणजे ज्यांच्याविरुद्ध उभे राहिले त्यांच्यातलाच एक माणूस शेजारी. बाणा गहाण टाकला तो इथे. एवढं करून ब्रायन रिपब्लिकन पक्षाच्या मॅकिन्लीकडून निर्वाचक मतांत २७१-१७६ ने हरला.

अबोली_क
दोघंही छान लिहिताय पण 'शेतकरी' म्हणजे फक्त गोरा शेतकरी असं धरून चाललाय, त्याचं वाईट वाटलं. दक्षिणेतल्या अलायन्समध्ये काळ्यांना प्रवेशच नव्हता, म्हणून १८८६ ला टेक्सासमध्येच कलर्ड फार्मर्स अलायन्स वेगळी निघाली आणि दहा लाखांवर सभासद असल्याचा तिचा दावा होता. १८९१ ला कापूस वेचणाऱ्यांनी शंभर पौंडाला एक डॉलर मजुरी मागून संप पुकारला. तेव्हा गोऱ्या अलायन्सचे अध्यक्ष लिओनिडस पोक काय म्हणाले? पन्नास सेंटच्या वर देण्यापेक्षा कापूस शेतात राहू द्या. आर्कान्सॉच्या ली काउंटीत हा संप रक्तात बुडवला, पंधराच्या आसपास काळी माणसं मारली गेली. खरी फूट तिथे पडली, ब्रायन तर फार नंतर आला.

आणि दुसऱ्या पक्षाशी हात मिळवला की संपलंच, हे पण मला पटत नाही. नॉर्थ कॅरोलायनात १८९४ ला पॉप्युलिस्ट आणि रिपब्लिकन एकत्र आले, विधानसभा जिंकली, निवडणुकीचे कायदे सरळ केले, काळे लोक पदांवर आले. ते कशाने संपलं? नोव्हेंबर १८९८ मध्ये विल्मिंग्टन शहरात हत्यारबंद गोऱ्यांनी निवडून आलेलं नगर प्रशासन हाकललं आणि माणसं मारली. त्यानंतर मतदानाच्या हक्कावरच घाव, आणि त्यात गरीब गोरेही मतदार यादीतून गेले. वॉटसनचंच बघा, १८९२ ला काळ्या-गोऱ्यांना एकत्र या म्हणणारा हा माणूस पुढे उघड वंशद्वेषी झाला.

वऱ्हाडी
एक गोष्ट जोडतो. १८६० च्या दशकात अमेरिकेत युद्ध पेटलं तेव्हा खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, १८६५ ला तिकडचा कापूस परत बाजारात यायला लागल्यावर आपले भाव कोसळले. दक्खनमध्ये कर्ज, सारावाढ साचत गेली आणि १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला लोकांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले. त्यांच्या आणि आपल्या वह्या सारख्याच होत्या. पण टेक्सासच्या शेतकऱ्याकडे मत होतं, सुप्याच्या शेतकऱ्याकडे नव्हतं. म्हणून अबोलीताईंचा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो, मत काढून घेतलं की माणूस परत सुप्याला येऊन उभा राहतो.

डकोटाकर
मी नॉर्थ डकोटात राहतो, म्हणून इथलं सांगतो. १९१५ ला आर्थर टाउनली नावाच्या, जवसाच्या शेतीत दिवाळं निघालेल्या माणसाने नॉनपार्टिझन लीग काढली. राग असा की गव्हाची प्रत मिनियापोलिसचे व्यापारी ठरवणार, प्रत खाली दाखवून भाव कापणार आणि ते कापलेलं पण तेच खाणार. लीगने नवा पक्ष काढलाच नाही. फोर्ड गाड्या घेऊन कार्यकर्ते शेतोशेत फिरले, वर्गणीचे चेक सुगीनंतरच्या तारखेचे घेतले आणि रिपब्लिकन पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत आपली माणसं उभी करून पक्षच ताब्यात घेतला. १९१९ ला राज्याची स्वतःची बँक झाली, १९२२ ला ग्रँड फोर्क्सला सरकारी पिठाची गिरणी. दोन्ही आजही चालू आहेत, राज्याच्याच मालकीच्या. दुसऱ्याच्या घरात शिरून काम होतं @पळाटी, फक्त आत शिरताना सूत्रं आपल्या हातात पाहिजेत.

तापीकाठ
@डकोटाकर हेच तर म्हणतोय! आणि १९१३ ला आयकर आणि सिनेटरची थेट निवडणूक दोन्ही घटनेत आले, १९३३ ला रूझवेल्टच्या सरकारने साठवलेल्या पिकावर कर्ज द्यायला सुरुवात केली, म्हणजे मॅक्यूनचीच कल्पना. पक्ष हरला, मागण्या जिंकल्या.

अबोली_क
१९३३ चं अर्धंच सांगितलंस. कापसाचं क्षेत्र कमी करायचे सरकारी पैसे जमीनमालकाच्या हातात पडले, त्याने वाटेकऱ्याला हिस्सा द्यायच्याऐवजी जमिनीवरूनच उठवलं. म्हणून १९३४ ला त्याच आर्कान्सॉत, टायरोन्झा गावात, काळ्या आणि गोऱ्या कुळांना परत नव्याने युनियन काढावी लागली, या वेळी मात्र दोघांची एकच.