बीएस्सी बायोटेकसाठी 6 लाखांचं कर्ज: काढावं का?

यावलचा_केळीवाला
मुलीनं मेडिकलची 'नीट' परीक्षा दोनदा दिली, नंबर लागला नाही. आता पुण्याच्या एका खाजगी कॉलेजात बीएस्सी बायोटेक करायचं म्हणते. फी, होस्टेल, मेस धरून वर्षाला 2 लाख, म्हणजे तीन वर्षांचे 6. बँक द्यायला तयार आहे. माझ्या हातात पैसा नाही. गेल्या साली केळीच्या अर्ध्या बागेवर हरण्या (व्हायरसचा रोग) आला, खोडं उपटून बांधावर टाकली. इकडं जळगाव-फैजपूरला अनुदानित कॉलेजात बीएस्सी दहा-बारा हजारांत होतं म्हणतात. पोरगी विचारते, "तिथं शिकून कुठं जाऊ?" खरं सांगा, गोड बोलू नका.

भुसावळ_लॅबवाला
काढू नका, विषय संपला. 19 वर्षं लॅब चालवतोय. नुसतं बीएस्सी आलं तर 12 हजार देतो, डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) असेल तर 17. पुण्याचं का फैजपूरचं, मी आजवर विचारलं नाही. हात चालतो का, रक्त एका टोचणीत निघतं का, एवढंच बघतो. आणि पुढं स्वतःची लॅब टाकीन असं तिच्या मनात असेल तर 2017 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचायला लावा. रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर झालेल्या डॉक्टरचीच लागते.

खिडकी_नंबर_3
काका, शिक्षण कर्जाच्या टेबलावर बसतो म्हणून आकडे मांडतो. दरवर्षी 2 लाख उचललेत, व्याज 10 टक्के धरा. शिक्षण संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता नाही हे खरं, पण व्याज पहिल्या उचलीपासून चढतं. पहिल्या 2 लाखांवर चार वर्षांचं, दुसऱ्यांवर तीन, तिसऱ्यांवर दोन. झाले 1 लाख 80 हजार. म्हणजे हप्ता सुरू होईल तेव्हा डोक्यावर 7 लाख 80 हजार. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला 10,300 च्या आसपास. लॅबवाल्या भाऊंचे 12 हजार याच्या शेजारी लिहून बघा.

व्याज सवलतीच्या भरवशावर राहू नका. 2024 ला पीएम विद्यालक्ष्मी मंजूर झाली, तिच्यात 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना 3 टक्के सूट आहे. पण योजना सुरू झाली तेव्हा यादीत संस्था 860. तुमचं कॉलेज त्यात आहे का, ते आधी शोधा. राहिली बँक 'तयार' असण्याची गोष्ट. साडेसात लाखांपर्यंत आम्हाला सरकारी हमी मिळते, तारण मागायचं नसतं. आम्ही तयार आहोत ते त्यामुळे. डिग्री बघून नाही.

पुण्यातली_धुळेकर
सगळे पुरुष बसून मुलीचा खर्च मोजताय, छान. मी हेच केलं. साडेपाच लाख कर्ज, बीएस्सी मायक्रो, पुणे. धुळ्यात असताना इंग्रजीत चार वाक्यं बोलायची तर घाम फुटायचा. पुण्यात पहिल्या वर्षाला सेमिनारमध्ये रडले, तिसऱ्या वर्षाला एका औषध कंपनीत इंटर्नशिप मिळाली, तिथंच लागले. सुरुवात 19 हजारांवर. चार वर्षं हप्ता भरताना नवीन चप्पल घ्यायचीसुद्धा मारामार होती. तरी परत करीन. गावात राहिले असते तर दुसऱ्या वर्षाला लग्न लागलं असतं, हे कुठल्या हिशेबात धरलंय?

भुसावळ_लॅबवाला
ताई, लग्न थांबवायला 6 लाख लागत असतील तर बापाशी बोलायला पाहिजे, बँकेशी नाही.

पुण्यातली_धुळेकर
बापाशी बोलून थांबतं, असं ज्याला वाटतं तो कुणाची तरी बहीण कधी नव्हता.

अंकलेश्वरवाला
ताईंचा मुद्दा उडवू नका. पण दुसरी बाजू माझी. अमळनेरला बीएस्सी, मराठीतूनच डोकं चालायचं. मित्राच्या भरवशावर सुरतच्या गाडीत बसलो, गुजरातेत अंकलेश्वरला केमिकल कारखान्यात क्यूसीत (माल तपासणीत) 11,500 वर लागलो, 2014 ची गोष्ट. आज 52 हजार मिळतात. इंग्रजी एसओपी (कामाच्या लेखी सूचना) वाचून वाचून आली. मात्र एक कबूल करतो, आमच्याकडं केमिस्ट्रीवाल्याला दहा जागा तर बायोवाल्याला दोन. आणि मी मुलगा होतो म्हणून पाच जणांच्या खोलीत गादी टाकून राहिलो.

लॅमिनारपुढे_आठ_तास
काका, मी केळीच्याच टिश्यू कल्चरमध्ये होते, म्हणजे लॅबमध्ये बाटलीत रोपं वाढवतात तिथं. इकडचंच बीएस्सी बायोटेक. काम कसं असतं ते सांगते. लॅमिनारसमोर (गाळलेली, जंतुविरहित हवा सोडणारं टेबल) स्टुलावर बसायचं, टोपी, मास्क. बाटलीतला कोंबांचा गड्डा चिमट्यानं काढायचा, काळं पडलेलं खरवडायचं, ब्लेडनं कोंब सुटे करून नव्या बाटलीत लावायचे. ब्लेड-चिमटा सारखा तापवायचा. आळस केला की आठवड्यात बाटलीत पांढरी बुरशी आणि सगळ्यांसमोर नाव. शेजारच्या टेबलावर बारावी झालेल्या बायका माझ्या दुप्पट बाटल्या करायच्या. मी सुपरवायझर, 14 हजार, कारण मीडियाचं (बाटलीतल्या खाद्याचं) गणित आणि रजिस्टर मला जमायचं. तीन वर्षांत 17 झाले. बस.

मग एमएस्सी केलं, बाहेर, 1 लाख 40 हजार कर्ज काढून. आता मातृवृक्षांची, म्हणजे ज्यांच्यापासून रोपं करतात त्या झाडांची, व्हायरस तपासणी करते, 38 हजार मिळतात. तुमच्या बागेतला हरण्या रोपांतून आला की माव्यानं आणला, हे शोधणं आमच्याच कामात येतं. तेव्हा कर्जाला माझा विरोध नाही. बीएस्सीला नको. एमएस्सीला, तेही प्रवेश परीक्षा देऊन चांगल्या ठिकाणी नंबर लागला तर. नेट-जेआरएफ (संशोधनाच्या फेलोशिपची परीक्षा) निघालं तर 2023 पासून महिना 37 हजार फेलोशिप आहे. निघेलच असं नाही, माझं दोनदा गेलं.

पुण्यातली_धुळेकर
आणि ही तीन वर्षं इकडं काढून परीक्षेची तयारी कोण करून घेणार? पुण्यात निदान सोबतच्या मुली अभ्यास करतात.

लॅमिनारपुढे_आठ_तास
हे खरंय. मी एकटीनं केली, जड गेली.

नंदुरबारी_मास्तर
मी काय म्हनस, पोरले काय आवडस ते कोनी इचारं का?

यावलचा_केळीवाला
विचारलं मास्तर. रात्री तिनं सगळं वाचलं. हप्ता तिनं कॅल्क्युलेटरवर परत काढला, मग बराच वेळ गप्प. सकाळी म्हणाली, फैजपूरला जाते. पण पुढच्या उन्हाळ्यात एक महिना पुण्याला मावशीकडं राहून इंग्रजीचा क्लास, आणि एमएस्सीला बाहेर नंबर लागला तर कर्ज काढायचं आजच कबूल करा, लग्नाचं नाव तोवर काढायचं नाही. मी हो म्हटलं. तिची आई अजून काही बोललेली नाही.

खिडकीवाले भाऊ, एक विचारायचं राहिलं. सातबाऱ्यावर पीककर्जाचा बोजा आहे. तो तेव्हा आडवा येईल का?

खिडकी_नंबर_3
साडेसात लाखांच्या आत सातबारा लागत नाही. पण सहअर्जदार तुम्हीच असणार, तुमचं सिबिल (कर्जफेडीचा रेकॉर्ड) बघतील. सोसायटीच्या पीककर्जाचं नवं-जुनं (जुनं भरून नवं उचलणं) दरवर्षी 31 मार्चच्या आत करून ठेवा.