कॅसेटवरच्या जुन्या गायनासाठी लॉसलेस फाइल: फ्लॅकच्या मर्यादा कोणत्या?

मिरजकर (प्रश्न):
१९८० च्या दशकात आमच्या भागातील गणेशोत्सवात झालेल्या शास्त्रीय गायनाच्या आणि नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांच्या कॅसेट वडिलांनी जपून ठेवल्या आहेत. त्या मी टेपडेकमधून ऑडिओ इंटरफेसद्वारे संगणकावर घेत असून ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये ९६ किलोहर्ट्झ (सेकंदाला ध्वनीचे ९६,००० नमुने) आणि ३२ बिट फ्लोट (नमुने दशांशी आकड्यांत) अशी मांडणी ठेवली आहे. साठवणुकीसाठी फ्लॅक हे लॉसलेस, म्हणजे ध्वनीतील काहीही न गमावता फाइल लहान करणारे स्वरूप निवडले आहे, पण काही शंका आहेत. फ्लॅकमुळे फाइल साधारण निम्मी होते असे वाचले होते. माझ्या फाइल मात्र २४ बिट वेव्हच्या (न दाबलेल्या ध्वनिफाइलच्या) दोन-तृतीयांशाच्या आसपासच राहतात. फ्लॅकमध्ये निर्यात करताना फ्लोटचा पर्यायही दिसत नाही. शिवाय एका नातेवाइकांनी काही कॅसेटचे पूर्वी १२८ केबीपीएस एमपी३ केले होते व त्या कॅसेट आता उरलेल्या नाहीत. तेही फ्लॅकमध्ये बदलून एकत्र ठेवावेत का?

ध्वनिरेखा:
आकाराचे कारण तुमच्या कॅसेटमध्येच आहे. फ्लॅक प्रत्येक नमुन्याचा अंदाज आधीच्या नमुन्यांवरून बांधते आणि अंदाज व प्रत्यक्ष मूल्य यांतील फरक तेवढा साठवते. तानपुऱ्याचा किंवा हार्मोनियमचा लांबलेला स्वर असा अंदाज बांधायला सोपा असतो, परंतु टेपची खरखर बहुतांशी यादृच्छिक असल्यामुळे तिचा अंदाज फारसा बांधता येत नाही. डॉल्बी (खरखर कमी करणारी यंत्रणा) नसलेल्या साध्या कॅसेटमध्ये आवाज आणि खरखर यांतील अंतर साधारण ५० ते ५५ डेसिबल असते. एका बिटामागे सुमारे ६ डेसिबल धरले, तर २४ पैकी वरच्या नऊएक बिटांत गाणे आणि उरलेल्या पंधराएक बिटांत बहुतांशी खरखर, असा हिशेब निघतो. लॉसलेस पद्धतीला गाणे कोणते आणि खरखर कोणती हे ठरवण्याचा अधिकारच नाही. तिला दोन्ही तंतोतंत परत द्यावे लागतात. म्हणून फ्लॅकची संपीडनाची (फाइल दाबण्याची) पातळी ५ वरून ८ केली तरी फाइल नगण्यच कमी होईल.

मूळ ध्वनिमुद्रण मोनो असेल, तर दोन्ही वाहिन्या एकत्र करून जागा खरोखर निम्म्यावर आणता येते आणि खरखरही थोडी घटते. मात्र डेकमधील टेप वाचणाऱ्या हेडचा कोन, म्हणजे अ‍ॅझिमथ, त्या कॅसेटशी जुळवल्याखेरीज हे करू नये. दोन वाहिन्यांमध्ये सूक्ष्म कालभेद राहिला, तर एकत्र करताना उच्च कंप्रतेचे ध्वनी एकमेकांना मारक ठरतात, आणि तो तोटा पुढे कायमचा फाइलमध्ये बसतो.

टेपडेक:
फ्लोटचा पर्याय दिसत नाही, कारण फ्लॅक केवळ पूर्णांकी नमुने साठवते. फ्लोट जसेच्या तसे लॉसलेस ठेवायचे असेल, तर वेव्हपॅक हे स्वरूप ती सोय देते, पण ते वाजवणारी साधने कमी आहेत. माझ्या मते तुम्हाला त्याची गरज नाही. बहुतेक इंटरफेस संगणकाला २४ बिटच देतात आणि ऑडॅसिटी तेच आकडे फ्लोटमध्ये ठेवते. त्यामुळे पातळीत कोणताही बदल न करता २४ बिट फ्लॅक काढले, तर काहीही गमावले जात नाही. पातळी वाढवली असेल आणि शिखरे शून्य डेसिबलच्या वर गेली असतील, तर फ्लोटमध्ये ती सुरक्षित असतात, पण पूर्णांकात उतरताना कापली जातात. निर्यातीपूर्वी ती खाली आणावीत.

वेव्हची एक मर्यादा लांब मैफलींसाठी ध्यानात ठेवावी. त्या स्वरूपात फाइलचा आकार नोंदवण्याची जागा ३२ बिटांची असल्यामुळे फाइल ४ जीबीच्या पुढे नीट जात नाही. ९६ किलोहर्ट्झ, ३२ बिट, स्टीरिओ या मांडणीत ही सीमा साधारण ९३ मिनिटांत येते. ९० मिनिटांची कॅसेट जेमतेम बसेल. दोन कॅसेट जोडून एकच वेव्ह करू नये. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने यासाठी आरएफ६४ आणले, पण प्रत्येक सॉफ्टवेअर ते उघडेलच असे नाही.

मिरजकर:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. एमपी३ विषयी मात्र संभ्रम कायम आहे. ब्लूटूथ हेडफोनवर ऐकताना त्या एमपी३ आणि माझी फ्लॅक यांत मला फारसा फरक जाणवला नाही, म्हणून विचारतो.

संग्राहक:
ब्लूटूथवर ही तुलना करू नये. एसबीसी आणि एएसी या तिथल्या प्रचलित पद्धती स्वतःच माहिती वगळतात, त्यामुळे फ्लॅकही कानापर्यंत लॉसलेस पोहोचत नाही. तारेच्या हेडफोनवर, शक्यतो तबल्याच्या चाटीकडे आणि टाळ्यांकडे लक्ष देऊन पुन्हा ऐका.

त्या एमपी३ कृपया आहेत तशाच ठेवा. एमपी३ करतानाच गेलेली माहिती फ्लॅकमध्ये बदलल्याने परत येत नाही, फाइल मात्र अनेक पटींनी मोठी होते. आणि त्याहून गंभीर म्हणजे पुढच्या पिढीला ती मूळ कॅसेटवरून घेतलेली प्रत वाटेल. वर्णपटात (कोणत्या कंप्रतेचा ध्वनी किती आहे हे दाखवणाऱ्या आलेखात) १६ किलोहर्ट्झच्या आसपास सरळ कापलेली रेषा दिसली की एमपी३चा संशय घेतात, परंतु कॅसेटवर त्या भागात मुळातच फार थोडे असल्याने ही खूणही इथे भरवशाची नाही. म्हणून फाइल कशावरून, कोणत्या डेकवर, डॉल्बी चालू ठेवून की बंद ठेवून घेतली, हे फ्लॅकच्या टॅगमध्ये (फाइलमधील माहितीच्या नोंदीत) आणि शिवाय वेगळ्या कागदावर लिहून ठेवा.

फ्लॅकमध्ये मूळ ध्वनीचा एमडी५ ठसा (त्या ध्वनीवरून काढलेली ओळखसंख्या) आणि प्रत्येक फ्रेमची तपासणी-संख्या असते, त्यामुळे फाइल बिघडली तर ते निश्चित कळते. साध्या वेव्हमध्ये ही सोय नाही. मात्र फ्लॅक बिघाड दाखवते, दुरुस्त करत नाही. दुरुस्ती दुसऱ्या प्रतीवरूनच होते, म्हणून निदान तीन प्रती ठेवून त्यांपैकी एक दुसऱ्या गावी असावी. आणि फाइल तयार झाल्या म्हणून कॅसेट टाकून देऊ नका, कारण फाइलमध्ये आले आहे ते त्या दिवशी त्या हेडने टेपवरून जेवढे वाचले तेवढेच.