देव न मानणाऱ्यांना श्रद्धेचे मोल आहे का? कोल्हापूरकरांनी आपले अनुभव लिहावेत

देव आहे की नाही, या वादाला येथे तोंड फोडायचे नाही. ज्यांची त्या बाबतीत खात्री पटलेली नाही, किंवा नाही अशीच खात्री झालेली आहे, त्यांना स्वतःच्या घरातली, गल्लीतली, अडचणीच्या वेळची श्रद्धा कशी दिसली, एवढेच प्रत्येकाने अनुभवापुरते लिहावे, अशी विनंती आहे. सुरुवात मी करते.

मी ३० वर्षे भूगोल शिकवला. मावळत्या सूर्याची किरणे थेट देवीच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात त्या अंबाबाईच्या किरणोत्सवाच्या तारखा ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी याच का, हे दरवर्षी फळ्यावर आकृती काढून सांगत असे. २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य सर्वांत दक्षिणेला असतो आणि हे दोन्ही काळ त्या दिवसापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर येत असल्यामुळे सूर्य क्षितिजावर त्याच जागी मावळतो. घरी आईलाही मी हे एकदा समजावून सांगितले. ती शांतपणे म्हणाली, "हे ज्यांनी बांधलं त्यांनाही ठाऊक असणारच की गं. तरी बांधलं ते अंबाबाईसाठीच ना?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

पुढे तिच्याबरोबर मीही जाऊ लागले. महाद्वारातून आत आलेला उजेड गरुड मंडप ओलांडतो, पितळी उंबरा, मग चांदीचा उंबरा चढतो, चरणांपर्यंत येतो, आणि त्या काही मिनिटांत एवढी गर्दी श्वास रोखून उभी असते. एका वर्षी किरणे कमरेपाशीच क्षीण झाली. देवी रागावली, असे माझ्या आसपास कोणीही म्हणाले नाही. सगळे पश्चिमेकडे वळून नव्या इमारतींच्या माथ्यांकडे पाहू लागले. सूर्याच्या मार्गाचे एक निरीक्षण पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले आणि त्याच्या आड काय येते याची काळजी आजही सामान्य माणूस करतो, ते श्रद्धेमुळे. माझ्या आकृतीने तेवढे काम केले नसते, हे मला मान्य केले पाहिजे.

— निवृत्त शिक्षिका, शिवाजी पेठ

*

आपल्या मताचा आदर ठेवून दुसरी बाजू मांडतो. आमचे गाव पंचगंगेच्या काठावर, प्रयाग चिखलीच्या बाजूला आहे. पाणी चढू लागले की नदीची ओटी भरण्याची आमच्याकडे रीत आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये वडिलांनी ओटी भरली, हळद-कुंकू वाहिले आणि सांगितले की २००५ साली पाणी जोत्याला लागून परतले होते, याही वेळी नदीआई परत जाईल. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट धरतात; त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. आम्ही माळ्यावर एक रात्र काढली. खालच्या अंधारात ज्वारीची कणगी उलटल्याचा आवाज आला, त्यानंतर गोठ्यातून म्हैस ओरडत राहिली आणि पहाटे तो आवाज थांबला. दुसऱ्या दिवशी बोटीने आम्हाला बाहेर काढले. श्रद्धा मनाला धीर देते, हे मी नाकारत नाही. पण त्या धीरानेच आमच्या घरातून निघण्याचे दोन दिवस खाल्ले.

— अभियंता, करवीर तालुका

*

या शहरात हा प्रश्न केवळ मनाचा राहिलेला नाही. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी विवेकवादी लेखक आणि कम्युनिस्ट नेते कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर येथेच गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० तारखेला ते गेले. मी चळवळीत वाढलो असल्याने श्रद्धेबद्दल काही काळ अत्यंत कडवट झालो होतो. त्यातून बाहेर आलो तो शाहू महाराजांचे चरित्र पुन्हा वाचताना. वेदमंत्रांनी विधी करण्यास पुरोहितांनी नकार दिला, तो वेदोक्ताचा अपमान सोसलेल्या या राजाने धर्म टाकून दिला नाही. कोल्हापुरात १९११ साली सत्यशोधक समाज उभा राहिला त्याला त्यांनी पाठबळ दिले आणि १९२० साली क्षात्रजगद्गुरूंचे, म्हणजे ब्राह्मणेतर धर्मगुरूंचे, पीठ निर्माण केले. कोणाच्या श्रद्धेवर कोणाची मक्तेदारी, हा त्यांचा खरा प्रश्न होता आणि देव न मानणाऱ्या माझ्यासारख्यालाही तो आपला वाटतो.

— कार्यकर्ता, बिंदू चौक परिसर

*

मी परिचारिका आहे आणि जटा सोडविण्याच्या कामात अनेक वर्षे मदत करते. केस विंचरले नाहीत, त्यांत तेल, घाम आणि धूळ बसत गेली की गुंता होतो. आमच्या भागात तो यल्लम्माचा सांगावा मानतात, त्यावर भंडारा लावतात आणि मग त्याला फणी लागतच नाही. गडहिंग्लजकडच्या एका बाईंच्या डोक्यावर अशी जट ११ वर्षे होती. ती कंबरेपर्यंत आली होती आणि हाताला ओल्या दोरखंडासारखी जड व टणक लागत होती. मुळाशी जखमा होत्या. कुशीवर झोपता येत नाही, असे त्या सांगत होत्या.

त्यांचा एकच प्रश्न होता, "आई कोपली तर, ताई?" देवी कोपत नसते, असे मी पूर्वी सांगत असे आणि बायका उठून जात असत. त्या दिवशी मी म्हटले, "कोपली तर माझ्यावर कोपू दे. कात्री माझ्या हातात आहे." त्यांनी आधी हळद-कुंकू वाहण्याची परवानगी मागितली. मीच तबक आणले. दीड तास लागला, कारण कात्री जागोजागी अडत होती. जट खाली आल्यावर त्यांची मान आपोआप वर गेली आणि त्या कितीतरी वेळ मानेवरून हात फिरवीत बसल्या. त्या आजही पौर्णिमेला यल्लम्माच्या सौंदत्तीला जातात, पण केस विंचरून जातात. मी देव मानत नाही, मात्र त्या दिवशी त्यांची श्रद्धा मोडून काढायला गेले असते, तर जट त्यांच्या डोक्यावरच राहिली असती.

— परिचारिका, राजारामपुरी

*

आमच्या तालमीत मोहरमला पंजा (हाताच्या आकाराचे पवित्र चिन्ह) बसतो आणि आम्ही हिंदू घरांतली मुले त्याची सेवा करतो. माझा विश्वास कशावरच नाही, पण ते दहा दिवस मी चुकवत नाही, कारण शेजारच्या गल्लीतल्या माणसाचे नाव मला त्याच दिवसांत कळते.

— मंगळवार पेठ

*

परिचारिका ताईंचा अनुभव वाचून पुन्हा लिहितो. कालच तो वडिलांना वाचून दाखविला. पुढच्या पावसाळ्यासाठी आमचे असे ठरले आहे की बंधाऱ्यावर इशाऱ्याची ३९ फूट पातळी आली की वडिलांनी नेहमीप्रमाणे ओटी भरायची आणि काठावरून परतताना घरात न येता थेट जनावरे सोडायची.

— अभियंता, करवीर तालुका