इंग्लंडमधील ‘एअरी’ पद्धतीचे जुने कौन्सिल-घर घ्यावे का?

प्रश्न : दांडिया बाजार, वडोदरा

नमस्कार. माझी मुलगी आणि जावई गेली सहा वर्षे इंग्लंडमध्ये लीड्सजवळ भाड्याने राहतात. आता त्यांनी एक जोडघर पसंत केले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या घरटंचाईत तिथल्या कौन्सिलने (स्थानिक नगरपालिकेने) भाडेकरूंसाठी ते बांधले आणि पुढे १९८० च्या कायद्यानुसार त्यावेळच्या भाडेकरूने ते सवलतीत विकत घेतले, एवढा इतिहास एजंटने सांगितला आहे. त्याच रस्त्यावरील साध्या विटांच्या घरांपेक्षा याची किंमत जवळजवळ एक चतुर्थांशाने कमी आहे, आणि याचे कारण म्हणून ‘एअरी पद्धतीचे, अपारंपरिक बांधकाम’ असे शब्द जाहिरातीत दिलेले आहेत.

मुलीने पाठवलेल्या छायाचित्रात आमच्या पसंतीचा अर्धा भाग विटांचा दिसतो, तर शेजाऱ्याच्या अर्ध्या भागावर मात्र काँक्रीटच्या आडव्या पट्ट्या एकीवर एक चढवलेल्या दिसतात. एजंट म्हणतो की या भागाची दुरुस्ती पूर्वीच झालेली आहे. सुरुवातीच्या रकमेसाठी मी वाघोडिया रोडवरचा प्लॉट विकला असल्यामुळे हा पैसा माझ्या आयुष्यभराच्या बचतीचा आहे. मुलांचा प्रस्ताव विक्रेत्याने स्वीकारला आहे. आपल्याकडे बानाखत (विक्रीचा लेखी करार) झाल्यावर माणूस जसा बांधला जातो तसे आता ते बांधले गेले आहेत का, आणि असे घर घेणे शहाणपणाचे आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : निवृत्त संरचना अभियंता, वडोदरा

नमस्कार. माझी बरीच वर्षे आपल्याकडील हाउसिंग बोर्डाच्या वसाहतींमधील फुगलेले छज्जे आणि सळया उघड्या पडलेले स्लॅब दुरुस्त करण्यात गेली. एअरी घराचा रोग त्याच जातीचा आहे, फक्त तो भिंतीच्या पोटात दडलेला असतो.

त्या काळात इंग्लंडमध्ये विटा आणि गवंडी या दोहोंची टंचाई होती. लीड्सच्या सर एडविन एअरी यांनी त्यावर उपाय म्हणून कारखान्यात ओतलेले काँक्रीटचे सडपातळ खांब जवळजवळ उभे करायचे आणि त्यांवर बाहेरून काँक्रीटच्या पातळ फळ्या अडकवायच्या, अशी पद्धत काढली. अशी सुमारे २६ हजार घरे बांधली गेली. काँक्रीट ताजे असताना तीव्र अल्कधर्मी असते, त्याचा पीएच १२ च्या वर असतो, आणि त्यामुळे आतल्या लोखंडावर संरक्षक थर टिकून राहतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपत जातो, ही अल्कधर्मिता उतरते, आणि ती सळईपर्यंत उतरली की ओलाव्याने गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो, म्हणून काँक्रीट आतूनच फुटते. एअरीच्या खांबांमध्ये सळईवरचे आवरणच कमी असल्यामुळे ही वेळ लवकर आली. त्या काळच्या पूर्वनिर्मित काँक्रीटच्या काही प्रकारांत ते लवकर घट्ट व्हावे म्हणून कॅल्शियम क्लोराइड घालत असत, आणि त्याने गंजाला आणखी वाव मिळाला.

१९८० च्या दशकाच्या आरंभी हे दोष उघड झाले तेव्हा हजारो भाडेकरूंनी अशी घरे नुकतीच विकत घेतली होती. त्यांच्यासाठी १९८४ मध्ये ‘हाउसिंग डिफेक्ट्स ॲक्ट’ आला, एअरीसह अनेक प्रकार ‘सदोष’ म्हणून घोषित झाले, आणि पात्र मालकांना दुरुस्तीच्या खर्चाचा ९० टक्के भाग अनुदान म्हणून मिळू लागला. ती मदत आता नव्या खरेदीदाराला मिळत नाही. पण त्या काळात ज्या घरांची मान्यताप्राप्त पद्धतीने दुरुस्ती झाली, ती घरे आज बहुतेक पारंपरिक घरांसारखीच गणली जातात.

म्हणून माझ्या मते आपल्या संपूर्ण प्रश्नाचा निकाल एका कागदावर लागतो. विटांचा बाह्यभाग म्हणजे दुरुस्ती नव्हे. खऱ्या दुरुस्तीत घराला टेकू देऊन काँक्रीटचे खांब आणि फळ्या काढून टाकतात आणि त्यांच्या जागी विटा-ब्लॉकची नवी, भार पेलणारी भिंत उभी करतात. केवळ शोभेसाठी बाहेरून विटांची एक भिंत चढवली असेल, तर आतले खांब अजूनही गंजत आहेत आणि आता ते दिसतही नाहीत, हे अधिक वाईट. मुलीने एजंटच्या शब्दावर न थांबता दुरुस्तीचे पीआरसी (म्हणजे पूर्वनिर्मित सळईयुक्त काँक्रीटच्या घरांचे) प्रमाणपत्र मागावे, आणि ते हाती येईपर्यंत एकही पौंड खर्च करू नये.

उत्तर : मूळची रावपुऱ्याची, सध्या इंग्लंडमध्ये

काका, आधी आपली एक चिंता दूर करते. इंग्लंडमध्ये प्रस्ताव स्वीकारला गेला म्हणजे बानाखत झाले असे नाही. दोन्ही बाजूंच्या सॉलिसिटरांनी करारांची अदलाबदल करेपर्यंत मुलगी कोणत्याही क्षणी मागे येऊ शकते. तोपर्यंतचा सर्वेचा आणि वकिलीचा खर्च तेवढा बुडतो.

हा खर्च आमचा बुडालेला आहे, म्हणून मुद्दाम लिहिते. २०१७ मध्ये आम्ही ‘कॉर्निश युनिट’ नावाचे, याच वर्गातले एक घर जवळजवळ घेतलेच होते. विक्रेत्याने ‘दुरुस्तीची कागदपत्रे’ म्हणून जी फाईल दिली तिच्यात केवळ गवंडीकामाचे बिल होते, अभियंत्याचे प्रमाणपत्र नव्हते, आणि हे आमच्या कर्जदात्याच्या मूल्यांककाने लक्षात आणून देईपर्यंत दोन महिने गेले होते. कर्ज नाकारले गेले. तेच घर पुढे ‘फक्त रोख खरेदीदारांसाठी’ म्हणून आणखी खाली उतरले. रोख पैसे असले तरी असे घर घेऊ नये असे मला मनापासून वाटते, कारण जो अडथळा आज आपल्याला आहे तोच उद्या आपल्याकडून घेणाऱ्यालाही असेल.

तरीही ‘अपारंपरिक’ हा शब्द ऐकून सगळीच घरे टाकून देऊ नयेत. आम्ही शेवटी ‘विम्पी नो-फाइन्स’ घर घेतले. त्याच्या भिंती वाळूशिवाय, फक्त खडी आणि सिमेंट जागेवर ओतून केलेल्या असतात आणि त्यावर बहुतेक संस्था कर्ज देतात. लोखंडी सांगाड्याची ‘बीआयएसएफ’ घरेही ‘सदोष’ यादीत कधीच नव्हती, मात्र त्यांच्याबाबत कर्जदाते एकमत नाहीत. विमा काढताना बांधकामाचा प्रकार स्पष्ट लिहायला मुलीला सांगा; तो लपवला तर दावा नाकारला जाण्याची भीती असते.

प्रश्नकर्ता

आपण दोघांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, मनापासून आभार. मुलीने प्रमाणपत्र मिळवले आहे. ते १९८७ चे असून त्यावर अभियंत्याची सही आणि मान्यताप्राप्त दुरुस्ती-योजनेचा क्रमांक आहे. मात्र दोन घरांमधील सामाईक भिंतीचा त्यात उल्लेखच नाही, आणि शेजारचे घर आजही मूळ अवस्थेत आहे.

उत्तर : निवृत्त बँक अधिकारी, अलकापुरी

पैशांपुरते लिहितो. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस (परदेशी पैसे पाठवण्याच्या) योजनेखाली आपण आणि वहिनी प्रत्येकी एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम पाठवू शकता. १० लाख रुपयांवरील रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच कापला जाणारा आयकर) घेईल. तो विवरणपत्रात समायोजित होतो, परंतु तोपर्यंत तेवढी रक्कम अडकते हे हिशेबात धरावे. तिथला कर्जदाता आपल्याकडून ‘ही भेट आहे, घरात माझा हिस्सा नाही’ असे पत्र मागेल, आणि सॉलिसिटर पैशाचा उगम विचारेल. प्लॉटच्या दस्तऐवजाची प्रत आणि बँकेचे उतारे तयार ठेवावेत.

उत्तर : निवृत्त संरचना अभियंता, वडोदरा

प्रमाणपत्र आहे हे फार चांगले झाले. आता सामाईक भिंतीचे पाहू. काही योजनांमध्ये त्या भिंतीतले खांबही बदलले जात, काहींमध्ये दुरुस्त भागाचा भार त्यांच्यावरून काढून घेतला जात असे, आणि आपल्या बाबतीत नेमके काय झाले ते योजनेच्या नकाशांवरूनच कळेल. मुलीने कर्जदात्याच्या मूल्यांकनावर विसंबू नये, कारण ते कर्जदात्याच्या हितासाठी असते. पीआरसी घरांचा अनुभव असलेला चार्टर्ड संरचना अभियंता स्वतः नेमून त्याच्याकडून माळ्यावरून आणि भिंतीत लहान छिद्र पाडून ती भिंत तपासून घ्यावी, आणि ‘शेजारचा भाग पाडला तरी हे घर स्वतःच्या आधारावर उभे राहील का’ याचे लेखी उत्तर मागावे. त्याबरोबरच कर्जदात्याला शेजारच्या घराची स्थिती आताच पत्राने कळवावी. कित्येक संस्था नेमक्या याच मुद्द्यावर नकार देतात, आणि तो नकार सर्वेच्या खर्चाआधी कळलेला बरा.