मदत हवी आहे: ‘मला येत नाही’ म्हणणाऱ्या साडेचार वर्षांच्या मुलीसाठी चित्रपुस्तकं

आम्ही अमळनेरला असतो. लेक बालवाडीत जायला लागल्यापासून एकच पालुपद: “माले येत नही.” घरी आम्ही अहिराणी बोलतो, शाळेत पुस्तकी मराठी आणि वर ए फॉर ॲपल. शेजारची मुलगी रंग रेषेच्या आत भरते, म्हणून हिने खडूच सोडून दिलेत.

आता हीच पोरगी आजीबरोबर बसून भुईमुगाच्या शेंगा अशा फोडते की एक दाणा तुटत नाही. मेथी निवडते. भरताची वांगी भाजायला काढली की पराट्या (कापसाच्या वाळक्या काड्या) मोजून आणून देते, दहापर्यंत न चुकता! पण ते तिच्या लेखी ‘येणं’ नाहीच. आमच्याही लेखी नव्हतं, खरं सांगायचं तर.

बहिणीने पीटर रेनॉल्ड्सचं ‘द डॉट’ (2003) पाठवलंय. चित्र येत नाही म्हणून रुसलेली मुलगी कागदावर नुसता एक ठिपका मारते. बाई तिला शाबासकी देत नाहीत, खाली सही करायला सांगतात आणि तो कागद फ्रेम करून लावतात. हे मला फार आवडलं. असं मराठीत हवंय. दुकानात मिळतात ती ‘तू किती छान, तू किती हुशार’ छापाची. तीन पानांत लेक उठून जाते.

सानेगुरुजींनी जिथे मुलांना शिकवलं त्या गावात राहून गोष्टीच्या पुस्तकांसाठी पुण्याकडे बघावं लागतं, काय बोलावं. सुचवा काही. फार महाग नको.

प्रतिसाद: जुनी बालवाडीताई

आधी शब्द नसलेली चित्रपुस्तकं घे. वाचायचं काही नाही, त्यामुळे अहिराणीत सांग, ती तुलाच दुरुस्त करेल. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी निवडून पहिल्या पातळीची बघ. फुकट आहेत, छापूनही घेता येतात. छापलीस की ओळीवर कागदाची पट्टी चिकटव आणि तुमच्या बोलीतलं वाक्य लिही. माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ही घे. विषय थेट तुझा नाही, पण घरातली माणसं आहेत. आपलं घर पुस्तकात येऊ शकतं, हे पोरांना त्यातून कळतं.

आणि ‘शाब्बास’ कमी कर. “दाणा तुटू नये म्हणून कुठे दाबतेस?” असं विचार.

धागाकर्ती

ताई, काल रात्री विचारलं. तिने माझा अंगठा धरून शेंगेच्या टोकावर ठेवला आणि म्हणाली, “आठे.” म्हणजे इथे. माझा दाणा तरी तुटलाच.

पट्ट्या आज कापते. ‘राधाचं घर’ जळगाव-धुळ्यात कुठल्या दुकानात मिळेल, कुणी सांगेल का?